तुमचं 'दुसरं बीपी': फुफ्फुसातल्या रक्ताचा दाब, जो हाताच्या पट्ट्यात कधीच दिसत नाही

"बीपी किती आहे?" असं कुणी विचारलं, की आपण १२० बाय ८०, १३० बाय ९० असं काहीतरी सांगतो. हाताला पट्टा बांधला, मशीनने हवा भरली, आकडा आला, विषय संपला.

पण हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. तुमच्या शरीरात आणखी एक बीपी आहे. ते फुफ्फुसांमधल्या रक्तवाहिन्यांमध्ये असतं. ते हाताच्या पट्ट्याने मोजता येत नाही आणि ऑक्सिमीटरलाही कळत नाही. गंमत म्हणजे हाताचं बीपी एकदम नॉर्मल असताना हे दुसरं बीपी धोक्याच्या पातळीवर असू शकतं.

लेहला फिरायला गेलेल्या तरुणाला दुसऱ्या रात्री लागलेला खोकला, गरोदर बाईला आडवं पडल्यावर लागणारी धाप, आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आजीचे सुजलेले पाय, प्लास्टर घातलेल्या माणसाला अचानक भरलेला दम, या चारही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. पण चारही ठिकाणी या दुसऱ्या बीपीचा हात असू शकतो.

म्हणूनच ते काय आहे, कसं चालतं आणि बिघडलं तर कसं ओळखायचं, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

एक हृदय, दोन पंप

शाळेत आपण हृदयाचे चार कप्पे शिकलो. ते पाठ करण्यापेक्षा असं लक्षात ठेवा: हृदय म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन पंप आहेत.

डावा पंप शुद्ध, म्हणजे ऑक्सिजनने भरलेलं रक्त मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पाठवतो. शरीराने ऑक्सिजन वापरला, की ते रक्त शिरांमधून उजव्या पंपाकडे परत येतं. उजवा पंप ते फुफ्फुसांकडे ढकलतो. तिथे रक्त कार्बन डायऑक्साइड सोडतं, ऑक्सिजन घेतं आणि डाव्या पंपाकडे जातं. मग पुन्हा तीच फेरी.

इथे शाळेतला एक नियम उलटा होतो. धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध रक्त, असं आपण शिकतो. फुफ्फुसांच्या बाबतीत बरोबर उलटं असतं. फुफ्फुसाच्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं आणि फुफ्फुसाच्या शिरांमध्ये ऑक्सिजनने भरलेलं. कारण धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी आणि शिरा म्हणजे हृदयाकडे आणणारी वाहिनी. नाव दिशेवरून पडलं आहे, शुद्ध-अशुद्धावरून नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. हे दोन्ही पंप एकाच रांगेत आहेत. त्यामुळे डावा पंप मिनिटाला जितकं रक्त टाकतो, तितकंच उजव्यालाही टाकावं लागतं. आरामात बसलेल्या मोठ्या माणसात हे प्रमाण मिनिटाला साधारण ५ लिटर असतं. दिवसाचा हिशोब केला तर ७,००० लिटरच्या वर जातो. म्हणजे इमारतीच्या गच्चीवर असतात तशा १,००० लिटरच्या सात टाक्या रोज तुमच्या फुफ्फुसांतून जातात.

शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच अवयवाच्या वाट्याला हे येत नाही. मेंदू, किडनी, यकृत सगळे आपापला हिस्सा घेतात. फुफ्फुसांना मात्र जवळपास सगळंच्या सगळं रक्त घ्यावं लागतं.

मग दाब किती?

रक्त तेवढंच असलं, तरी दाबात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

हाताचं बीपी साधारण १२० बाय ८० असतं. सरासरी काढली तर साधारण ९३. (हृदय आकुंचन पावण्यापेक्षा सैल पडण्यात जास्त वेळ घालवतं, म्हणून ही सरासरी खालच्या आकड्याकडे झुकते.)

फुफ्फुसाच्या धमनीत हाच दाब साधारण २५ बाय १० असतो. सरासरी १४-१५.

हे आकडे मिलिमीटर पाऱ्याचे आहेत. पारा डोळ्यासमोर येत नसेल तर पाण्याचा विचार करा. हाताच्या वरच्या बीपीइतक्या दाबाने पाणी उभ्या नळीत जवळपास १६० सेंटिमीटर चढेल, म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढं. फुफ्फुसातल्या सरासरी दाबाने ते फक्त २० सेंटिमीटर चढेल. शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा थोडंसं जास्त.

५ लिटर रक्त इतक्या कमी दाबात जातं कसं?

कारण वाट मोकळी आहे.

शरीराच्या फेरीत रक्ताला सुरुवातीला सरासरी ९३ चा दाब मिळतो आणि शेवटी, हृदयाच्या उजव्या बाजूला पोहोचेपर्यंत, ३ च्या आसपास उरतो. म्हणजे ५ लिटर रक्त फिरवायला ९० चा खर्च. फुफ्फुसाच्या फेरीत सुरुवात १५ ला होते आणि डाव्या कप्प्यात पोहोचताना ८ च्या आसपास उरतो. म्हणजे तेच ५ लिटर फक्त ७ मध्ये. फुफ्फुसातला अडथळा शरीराच्या मानाने दहा पटीहूनही कमी आहे.

याचं कारण फुफ्फुसाच्या रचनेत आहे. त्याच्या धमन्या पातळ भिंतीच्या आणि सहज ताणल्या जाणाऱ्या असतात. पुढे त्या फाटत फाटत केशवाहिन्यांचं इतकं दाट जाळं बनवतात, की कोट्यवधी वायुकोशांभोवती रक्ताची जणू पातळ चादरच पसरते.

ही चादर किती पातळ? आराम करत असताना केशवाहिन्यांमध्ये एका क्षणी फक्त ७० ते १०० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे एक कटिंग चहा. आणि ते साधारण ७० चौरस मीटरवर पसरलेलं असतं, म्हणजे ७५० चौरस फूट. मुंबईतल्या टूबीएचकेच्या फरशीवर एक कटिंग चहा सारखा पसरवायचा, असं समजा.

प्रत्येक लाल पेशी या जाळ्यात फक्त पाऊण सेकंद थांबते. निरोगी माणसात त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळातच ती ऑक्सिजनने भरते. उरलेला वेळ राखीव. जिना चढताना किंवा पळताना रक्ताचा वेग वाढतो, तेव्हा तो राखीव वेळ कामी येतो.

कमी दाब ही कमजोरी नाही, गरज आहे

इथे प्रश्न पडतो की शरीराने फुफ्फुसालाही १२० चा दाब का दिला नाही? रक्त आणखी जोरात गेलं असतं की.

उत्तर भिंतीत आहे. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्यामधली भिंत बहुतेक ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असते. म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. ऑक्सिजन झटकन पलीकडे जावा म्हणून ती इतकी पातळ ठेवावी लागते. पण इतक्या पातळ भिंतीवर जास्त दाब टाकला, तर रक्तातलं पाणी हवेच्या जागेत शिरेल.

प्रत्येक क्षणी इथे एक रस्सीखेच चालू असते. केशवाहिनीतला दाब, साधारण ७ ते १०, पाण्याला बाहेर ढकलतो. रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, साधारण २५ च्या जोराने पाण्याला आत धरून ठेवतात. तरीही जे थोडं पाणी पाझरतं, ते लसिकावाहिन्या उपसून काढतात. त्यामुळे फुफ्फुस कोरडं राहतं आणि आपल्याला यातलं काही कळतही नाही.

पण केशवाहिनीतला दाब २५ च्या पुढे गेला, की रस्सीखेच उलटते. पाणी आधी भिंतीच्या आजूबाजूला साठतं, मग वायुकोशात उतरतं. यालाच डॉक्टर पल्मनरी इडिमा म्हणतात.

एक गैरसमज इथेच दूर करूया. आपल्याकडे "फुफ्फुसात पाणी झालंय" हे वाक्य दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. टीबी वगैरेमध्ये अनेकदा पाणी फुफ्फुसाच्या बाहेर, त्याच्या आवरणात साठतं. ते सुईने काढता येतं. आपण इथे बोलतोय ते पाणी फुफ्फुसाच्या आत, हवेच्या जागेत असतं. ते सुईने काढता येत नाही. त्यासाठी दाब कमी करावा लागतो किंवा गळती थांबवावी लागते.

धावताना काय होतं?

व्यायाम करताना हृदय मिनिटाला ५ ऐवजी १५, २० लिटर रक्त टाकू शकतं. चांगल्या धावपटूंमध्ये त्याहूनही जास्त. रक्त चौपट झालं म्हणजे दाबही चौपट व्हायला हवा, पण तसं होत नाही. तो थोडाच वाढतो.

टोलनाका आठवा. दुपारी दोन-तीन लेन चालू असतात. सुट्टीच्या दिवशी गर्दी वाढली की बंद लेन उघडतात. फुफ्फुसातही आराम करताना बऱ्याच केशवाहिन्या जवळपास रिकाम्या असतात. रक्त वाढलं की त्या उघडतात आणि आधीच उघड्या असलेल्या आणखी फुगतात. रस्ता रुंद झाला की अडथळा कमी होतो.

आजारामुळे या लेन कायमच्या बंद होत गेल्या, तर सुरुवातीला बसल्या जागी काहीच कळत नाही. राखीव लेन वापरून काम निभावतं. त्रास पहिल्यांदा जाणवतो तो जिना चढताना. म्हणून "बसल्यावर बरं असतं, चढताना दम लागतो" ही तक्रार हलक्यात घ्यायची नसते.

गुरुत्वाकर्षणाचा खेळ

दाब इतका कमी असल्याचा आणखी एक परिणाम होतो. उभ्या माणसाच्या फुफ्फुसाची उंची साधारण ३० सेंटिमीटर असते आणि रक्त वर चढवायला दाब लागतो. त्यामुळे उभं असताना फुफ्फुसाच्या टोकाला रक्त जेमतेम पोहोचतं आणि तळाला भरपूर.

कोविडच्या काळात "पोटावर झोपा" हा सल्ला घराघरात पोहोचला होता. त्यामागे याच्याशी जोडलेलं एक कारण आहे. आजारी माणूस पाठीवर पडून राहिला, की पाठीकडचा फुफ्फुसाचा भाग दबतो आणि तिथे हवा कमी पोहोचते. पोटावर झोपल्यावर तिथले वायुकोश उघडतात आणि त्या भागात रक्त तर पोहोचतच असतं. हवा आणि रक्त एकाच ठिकाणी भेटले, की ऑक्सिजन वाढतो.

फुफ्फुसाची हुशारी, जी लेहमध्ये अंगाशी येते

हवा आणि रक्त एकत्र भेटावेत म्हणून फुफ्फुसाकडे स्वतःची एक युक्ती आहे. शरीरात इतर ठिकाणी ऑक्सिजन कमी पडला, की रक्तवाहिन्या रुंदावतात. फुफ्फुसात त्या आकसतात.

कारण सोपं आहे. समजा न्यूमोनियामुळे फुफ्फुसाचा एक कोपरा बंद पडला. तिथे हवाच नाही, तर रक्त पाठवून उपयोग काय? म्हणून तिथली वाट अरुंद होते आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. १९४६ साली उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड या स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी मांजरांवरच्या प्रयोगात हे दाखवून दिलं.

एका कोपऱ्यापुरती ही युक्ती उत्तम आहे. पण पूर्ण फुफ्फुसालाच ऑक्सिजन कमी पडला तर? म्हणजे तुम्ही विमानाने थेट लेहला उतरलात तर?

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे लेहच्या उंचीच्या निम्म्याहूनही कमी. तिथे हवा विरळ असल्यामुळे सगळ्याच वायुकोशांत ऑक्सिजन कमी असतो. मग फुफ्फुसाच्या वाहिन्या सगळीकडेच आकसतात आणि दाब चढतो.

काही लोकांमध्ये हे आकसणं सारखं होत नाही. काही भागांत वाट जवळपास बंद होते आणि उरलेल्या भागांवर रक्ताचा सगळा लोंढा येतो. तिथल्या पातळ भिंतींना तो दाब झेपत नाही आणि पाणी झिरपायला लागतं. याला हाय अल्टिट्यूड पल्मनरी इडिमा, थोडक्यात हेप म्हणतात. यात हृदय एकदम ठणठणीत असतं.

आधी अनेकांना हा न्यूमोनिया किंवा हृदयाचा आजार वाटायचा. अमेरिकन डॉक्टर आणि गिर्यारोहक चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० साली एका निरोगी तरुणाच्या केसवर लिहिलं आणि जगाचं लक्ष याकडे गेलं. त्यानंतर दोनच वर्षांत भारत-चीन युद्ध झालं. सखल भागातले हजारो जवान थोड्या वेळात प्रचंड उंचीवर पोहोचवले गेले आणि लष्करी डॉक्टरांनी हा आजार मोठ्या प्रमाणावर पाहिला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही या विषयातला पायाभूत अभ्यास मानला जातो.

लेह-लडाखला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा

- हेप साधारण २,५०० मीटरच्या वर होऊ शकतो. तो बहुतेकदा पोहोचल्याच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, विशेषतः रात्री जोर धरतो. "पहिल्या दिवशी काही झालं नाही, म्हणजे मी सेफ" हा हिशोब चुकीचा आहे.
- तुम्ही जिमला जाता, मॅरेथॉन धावता, दर रविवारी सह्याद्रीत ट्रेक करता, याचा हेपपासून बचाव होण्याशी संबंध नाही. उलट फिट लोक पहिल्याच दिवशी धावपळ करतात आणि अडकतात.
- विमानाने उतरल्यावर निदान ४८ तास विश्रांती घ्या. खारदुंगला दुसऱ्या दिवसासाठी नाही.
- ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा.
- नेहमीच्या मानाने अचानक खूप थकवा, कोरडा खोकला, बसल्या जागी धाप, ओठ किंवा नखं निळसर होणं, गुलाबी फेसाळ थुंकी ही लक्षणं सर्दीची नाहीत.
- अशा वेळी ऑक्सिजन द्या, माणसाला चालायला लावू नका आणि लवकरात लवकर खाली न्या, हॉस्पिटल गाठा. "सकाळी बघू" असं म्हणू नका. खाली उतरणं हाच सर्वात खात्रीचा उपाय आहे.

दाब मागून वाढतो तेव्हा

आतापर्यंत पाहिलं ते फुफ्फुसातच काहीतरी घडल्यामुळे. पण सर्वात जास्त वेळा दोष पुढच्या टप्प्यात, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला असतो.

घाटात पुढे एक ट्रक बंद पडला, की मागे किलोमीटरभर रांग लागते. हृदयाचा डावा पंप कमजोर झाला किंवा त्याची झडप अरुंद झाली, की तसंच रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं. केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी पाझरायला लागतं.

घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर तुम्ही पाहिलं असेल, ते दोन-तीन उशा घेऊन झोपतात. आडवं पडल्यावर पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे येतं, फुफ्फुसातला दाब वाढतो आणि धाप लागते. उठून बसलं की बरं वाटतं. उशांची संख्या वाढत गेली, तर ती डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

भारतात याचं एक खास कारण आजही दिसतं, ते म्हणजे संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीव्हर. लहानपणी घसा दुखण्यापासून सुरुवात होते आणि पुढे काहींच्या हृदयाची मायट्रल झडप हळूहळू अरुंद होते. वर्षानुवर्षं काहीच कळत नाही. मग मुलगी मोठी होते, लग्न होतं, गरोदर राहते. गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांपर्यंत वाढतं, नाडीही वाढते. अरुंद झडपेतून इतकं रक्त वेळेत जात नाही आणि पहिल्यांदा धाप लागते.

गरोदरपणात थोडा दम लागणं सामान्य असतं, आणि म्हणूनच ही धाप दुर्लक्षित राहते. फरक ओळखायची खूण अशी: आडवं झोपता न येणं, रात्री गुदमरून जाग येणं, खोकल्यात रक्त येणं. यातलं काहीही सामान्य नाही. "पोटात बाळ आहे, दम लागणारच" असं म्हणून सोडून देऊ नका. टूडी इको ही साधी सोनोग्राफीसारखी तपासणी आहे, तिने बाळाला त्रास होत नाही.

उजवा पंप थकतो तेव्हा

उजव्या पंपाची भिंत फक्त ३ ते ५ मिलिमीटर जाड असते. डाव्याची साधारण १० मिलिमीटर. कमी दाबाच्या कामासाठी बनलेला हा पंप जास्त दाबासमोर फार काळ टिकत नाही.

दाब हळूहळू वाढला, तर उजवा पंप आधी जाड होतो, मग फुगतो, मग थकतो. फुफ्फुसाच्या जुन्या आजारांत, म्हणजे सीओपीडी वगैरेमध्ये, हे होऊ शकतं. त्यात सिगारेट ओढणारे असतात, तशाच सिगारेटला हातही न लावता वर्षानुवर्षं चुलीचा धूर घेतलेल्या बायकाही असतात. पंप थकला की रक्त शरीरात मागे तुंबतं. पाय सुजतात, पोट फुगतं, मानेच्या शिरा ठळक दिसतात.

दाब अचानक वाढला, तर इतका वेळही मिळत नाही. ऑपरेशननंतर, फ्रॅक्चरमुळे अंथरुणावर पडून राहिल्यावर किंवा खूप लांबच्या प्रवासात पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटली, तर उजव्या पंपातून थेट फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. एकाच पायाला सूज आणि दुखणं, त्यानंतर अचानक धाप, छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं, असं झालं तर एक मिनिटही वाट पाहू नका.

हे 'दुसरं बीपी' मोजतात कसं?

याची गोष्ट १९२९ साली जर्मनीत सुरू होते. २५ वर्षांच्या वेर्नर फोर्समान या डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत एक्सरे काढून घेतला. तेव्हा कौतुकापेक्षा टीकाच जास्त झाली. पुढे आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी अमेरिकेत हेच तंत्र वापरून हृदय आणि फुफ्फुसातले दाब मोजले. १९५६ साली तिघांना मिळून नोबेल मिळालं.

आजही पक्कं निदान याच पद्धतीने होतं. तिला राइट हार्ट कॅथेटरायझेशन म्हणतात. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार, आराम करताना फुफ्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब २० पेक्षा जास्त असेल, तर त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. आधी ही मर्यादा २५ होती.

पण प्रत्येकाला नळी घालत नाहीत. आधी टूडी इको करतात. त्यात उजव्या बाजूच्या झडपेतून मागे उडणाऱ्या रक्ताच्या झोताचा वेग मोजून दाबाचा अंदाज काढतात. वेगाचा वर्ग करून ४ ने गुणायचं. झोत सेकंदाला ३ मीटरचा असेल, तर ३ गुणिले ३ गुणिले ४, म्हणजे ३६. त्यात उजव्या कप्प्यातला दाब मिळवायचा.

तुमच्या रिपोर्टमध्ये आरव्हीएसपी किंवा पीएएसपी असं लिहून जो आकडा येतो, तो हा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हा वरचा दाब आहे, सरासरी नाही. त्यामुळे "२० च्या वर आहे म्हणजे आजार" असा अर्थ काढू नका, निरोगी माणसातही तो २५ असतोच. दोन, हा अंदाज आहे. "माइल्ड पीएच" असा शब्द वाचून घाबरू नका आणि फाईल कपाटातही टाकू नका. डॉक्टरांना कारण विचारा.

उपचार आहेत का?

आहेत, पण ते कारणावर ठरतात. डावी बाजू कमजोर असेल तर तिच्यावर उपचार. झडप अरुंद असेल तर अनेकदा फुग्याने ती उघडता येते. गुठळी असेल तर रक्त पातळ करणारी औषधं. ऑक्सिजन कमी असेल तर ऑक्सिजन.

काही रुग्णांमध्ये मात्र फुफ्फुसाच्या बारीक धमन्याच जाड आणि अरुंद होतात. कारणाशिवाय होणारा हा प्रकार बायकांमध्ये जास्त दिसतो. थकवा आणि धाप एवढंच लक्षण असल्यामुळे रक्त कमी आहे, वजन वाढलंय, टेन्शन आहे, असं म्हणत निदानाला अनेकदा वर्ष-दोन वर्षं जातात.

या रुग्णांना दिलं जाणारं एक औषध म्हणजे सिल्डेनाफिल. गुगल केल्यावर ती व्हायग्रा निघते आणि घरात गोंधळ उडतो. घाबरू नका, डॉक्टर चुकलेले नाहीत. हे औषध रक्तवाहिन्या सैल करतं, आणि फुफ्फुसाच्या दाबासाठी त्याला अमेरिकेत २००५ सालीच मान्यता मिळाली आहे. मात्र ते मनाने सुरू किंवा बंद करू नका. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल, तर दोन्ही मिळून बीपी धोकादायक पातळीवर खाली जाऊ शकतं.

पहिला श्वास

जन्माच्या आधी आपल्या सगळ्यांचंच हे दुसरं बीपी जास्त होतं. पोटातल्या बाळाची फुफ्फुसं द्रवाने भरलेली असतात, त्यांच्या वाहिन्या आकसलेल्या असतात. ऑक्सिजन आईकडून येतो, त्यामुळे बहुतेक रक्त फुफ्फुसांना वळसा घालून जातं.

मग बाळ जन्मतं आणि रडतं. हवा आत जाते, ऑक्सिजन वाढतो, वाहिन्या उघडतात, दाब उतरायला लागतो आणि सगळं रक्त पहिल्यांदाच फुफ्फुसांतून वाहायला लागतं. लेबर रूमच्या बाहेर उभी असलेली आजी सर्वात आधी "बाळ रडलं का?" असं विचारते, ते उगाच नाही.

त्या दिवसापासून हा कमी दाबाचा रस्ता न थांबता चालू असतो. त्याचा आकडा आपल्याला घरी मोजता येत नाही. पण कालपर्यंत सहज चढत होतो तो जिना आज का जड जातोय, हे मात्र लक्षात येतं. तेवढं लक्षात आलं, तर डॉक्टरांना नक्की सांगा. आणि हाताचं बीपी नॉर्मल आलं म्हणून गप्प बसू नका.

(हा लेख माहितीसाठी आहे. लक्षणं असतील तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.)